समुद्रघोडा नको, टाकी मात्र लावाच

पत्र: मी नागाळा पार्कात राहतो. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. पुण्याची नात सहावीत आहे, दर सुट्टीला आमच्याकडे येते. तिने टीव्हीवर बुटके समुद्रघोडे पाहिले. त्यांच्यात नर पिल्लं देतो हे बघितल्यापासून दुसरा विषय नाही. दिवाळीला ती येईपर्यंत घरात खाऱ्या पाण्याची छोटी टाकी करावी म्हणतो. एक फुटाची काचेची टाकी माळ्यावर पडून आहे. एक दुकानदार म्हणाला, थोडा अ‍ॅडव्हान्स द्या, चार दिवसांत जोडी आणतो. मी पाचशे रुपये देऊन आलोय. आता समुद्राचं पाणी मालवणहून कॅनमधून आणावं, की घरीच मीठ घालून करावं? टाकी शोकेसवर ठेवली तर चालेल का? सौ. म्हणते, कालवणात पडत नाही तो मासा घरात कशाला. कृपया मार्गदर्शन करावं. – नातीचा आजोबा, कोल्हापूर

काका, नमस्कार.

नकोसं आहे ते आधी सांगून टाकतो. समुद्रघोडा आणू नका. आज-उद्याच दुकानात जाऊन पैसे परत मागा. द्यायला कुरकुर केली तर त्या पैशात हीटर द्या म्हणा, तो तुम्हाला लागणारच आहे. आणि त्याने जोडी खरोखरच आणून समोर धरली तर हात लावू नका, वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा.

कारण असं. २००१ साली केंद्र सरकारने समुद्रघोडे आणि त्यांचे भाऊबंद पाइपफिश, असं ते आख्खं कुळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातलं. पकडायचं नाही, विकायचं नाही, विकत घ्यायचं नाही, घरात बाळगायचं नाही. शिक्षा तुरुंगवासाची आहे. 'हा बुटका अमेरिकेकडचा, त्याला आपला कायदा लागत नाही' असं काही दुकानदार छातीठोकपणे सांगतात. त्यावर जाऊ नका. समुद्रघोड्यांच्या सगळ्याच जाती मे २००४ पासून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारात आहेत, म्हणजे परवान्याशिवाय त्यांना कुठलीच सरहद्द ओलांडता येत नाही. वर आपल्याकडे २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. हे सगळं रीतसर करून चार दिवसांत कोल्हापुरात जोडी पोचवणारा माणूस मला तरी माहीत नाही.

मग तो आणणार काय होता? बहुतेक करून आपल्याच किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर आलेला मोठा समुद्रघोडा. तो बोटापेक्षा लांब असतो, जाळ्यात घासटलेला असतो, बरेच दिवस उपाशी असतो. हलतं-जिवंत खाद्य सोडून दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही आणि साधारण नवा मालक टाकीपुढे कौतुकाने खुर्ची टाकून बसतो त्याच आठवड्यात मरतो. नातीच्या दिवाळीत तुम्हाला हे नको आहे.

आता कायदा घटकाभर बाजूला ठेवू आणि नातीने पाहिलेल्या त्या जिवाबद्दल बोलू. तिला हे सांगण्याजोगं आहे.

बुटका समुद्रघोडा, शास्त्रीय नाव हिप्पोकॅम्पस झोस्टेरी, मेक्सिकोचं आखात, फ्लोरिडा, क्यूबा, बहामा या भागातल्या उथळ पाण्यात समुद्री गवताला शेपटीने धरून राहतो. पूर्ण वाढलेला जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा. माशांमध्ये सगळ्यात मंद पोहणारा म्हणून याचंच नाव घेतात, तासाला दीड मीटर! मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी घालते, नर साधारण दहा-बारा दिवस ती सांभाळतो आणि मग पूर्ण घडलेली, आई-बापांसारखीच दिसणारी, पण मुंगीएवढी पिल्लं बाहेर टाकतो. आयुष्य वर्षभराचं, फार तर दोन वर्षांचं.

तुमची एक फुटी टाकी त्याला पुरली असती, ही यातली गंमत. तिथले पाळणारे मुद्दाम दहा-वीस लिटरची टाकी वापरतात. मोठी टाकी घेतली तर उपाशी मरतो. कारण समुद्रघोड्याला दात नाहीत आणि जठरही नाही. गिळलेलं अन्न सरळ आतड्यातून पुढे जातं, साठत नाही. त्यामुळे त्याला दिवसभर खात राहावं लागतं, आणि पाठलाग तर जमत नाही. तोंडासमोरून काही हललं तर ते ओढून घेणार. म्हणून त्याच्या चोहोबाजूंनी अन्न तरंगत राहील एवढंच पाणी ठेवायचं.

ते अन्न म्हणजे आर्टेमिया. खाऱ्या सरोवरातला हा छोटा कोळंबीवर्गी जीव. त्याची वाळलेली अंडी डब्यात मिळतात, खाऱ्या पाण्यात घातली की दिवसभरात अर्ध्या मिलिमीटरची पिल्लं निघतात. पण ही पिल्लं निघाल्यापासून अंगातलं सत्त्वच जाळत असतात. सात-आठ तास गेले की त्यांच्यातलं पोषण उतरायला लागतं. मग त्यांना शेवाळाचा किंवा तेलाचा खुराक देऊन पुन्हा भरवायचं आणि मग समुद्रघोड्याला घालायचं. म्हणजे रोज नवी बाटली लावायची, रोज जुनी उतरवायची, सकाळ-संध्याकाळ खायला घालायचं, न खाल्लेलं काढून टाकायचं. एक दिवस चुकला तर पिल्लं गेली, दोन दिवस चुकले तर मोठे गेले. गुऱ्हाळावर चुलवाणापाशी बसलेला माणूस जसा उठून जाऊ शकत नाही, तसे तुम्ही त्या टाकीला बांधले जाल. मुलाकडे पुण्याला दोन दिवस जायचं म्हटलं तरी काकूंना आर्टेमिया उबवायला शिकवावं लागेल, आणि त्यांचं मत तुम्ही पत्रात कळवलंच आहे.

एवढं करूनही हायड्रॉइड येतात. हे जेलीफिशचे नात्यातले, धाग्यासारखे, काचेला चिकटून वाढणारे जीव. आर्टेमियावर तेही पोसतात, म्हणजे तुम्ही जितकं खायला घालाल तितके ते फोफावणार, आणि त्यांचा डंख मुंगीएवढ्या पिल्लाला पुरेसा होतो. गाई-शेळ्यांना जंतावर देतात ते फेनबेंडाझोल यावर चालतं, पण टाकीत गोगलगायी असतील तर त्याही त्यात जातात. जिथे हे पाळणं कायदेशीर आहे तिथेही नवखे लोक इथेच हरतात. टाकी लावणं सोपं, जेवण सोपं नाही.

समुद्रघोड्याचा विषय इथे संपवू. आता तुमची टाकी.

एक फुटी बाजूला ठेवा, तिचा उपयोग पुढे सांगतो. नवीन घ्या दोन फुटी: २४ इंच लांब, १५ रुंद, १५ उंच. काठोकाठ ८८ लिटर होतात, वरची जागा आणि दगड सोडून साधारण ७५ लिटर पाणी धरा. खाऱ्या पाण्यात नवख्याला छोटी टाकी स्वस्त वाटते, पण पाणी कमी असलं की चूक पचवायला जागा राहत नाही. भरलेली टाकी काचेसकट शंभर किलोच्या घरात जाईल, तेव्हा शोकेस विसरा. लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या, वर प्लायवूड आणि थर्माकोलचा थर. पश्चिमेच्या खिडकीसमोर नको, स्वयंपाकघराच्या तोंडाशी नको, देवघराजवळ तर अजिबात नको. याचं कारण धूप-उदबत्ती आणि त्याहून जास्त डासांची वडी, लिक्विड, स्प्रे. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, आणि डासांच्या औषधांतली पायरेथ्रॉइडं मासे-कोळंबीला जहर आहेत. त्या खोलीत मच्छरदाणी लावा.

पाणी. मालवणचं नको. किनाऱ्यालगतच्या पाण्यात पावसाळ्यात नद्या-ओढ्यांचं गोडं पाणी आणि गाळ मिसळतो, बंदराजवळ डिझेल असतं. शिवाय कॅनमध्ये बंद केलेल्या समुद्राच्या पाण्यातले बारीक जीव घाट चढून येईपर्यंत मरून कुजायला लागतात. नातीला घेऊन तारकर्लीला गेलात तर जरूर जा, पण येताना पिशवीत काही आणू नका. प्रवाळही २००१ च्याच यादीत आहेत, मेलेला तुकडासुद्धा घरात ठेवू नये. मालवणचा समुद्री भाग तर १९८७ पासून अभयारण्य आहे.

घरचं मीठही नको. खायच्या मिठात जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यात सोडियम आणि क्लोराइड मिळून ८५ टक्क्यांच्या आसपास. बाकीच्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट आहेत, आणि जिवांना त्यांची गरज असते. म्हणून मरीन सॉल्ट मिक्स म्हणून जे मिळतं तेच घ्या. ७५ लिटरला अडीच किलोच्या थोडं वर लागेल. मिश्रणात ओलावा असतो, त्यामुळे वजनावर विसंबू नका, मोजून ठरवा.

मोजण्याचं तुम्हाला मी काय शिकवणार! फक्त एक सांगतो. कारखान्यातला हातातला ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर घरी असेल तर तो इथे वापरू नका. त्याची पट्टी साखरेच्या द्रावणासाठी आखलेली असते, मिठाच्या पाण्याचा वक्रीभवनांक वेगळ्या हिशेबाने चढतो. क्षारतेची पट्टी असलेला निराळा मिळतो. शून्य डिस्टिल्ड वॉटरवर जुळवलंत तरी ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर एकदा ताडून बघा, स्वस्तातले बरेच तिथे घसरतात. विशिष्ट गुरुत्व १.०२४ ते १.०२६ च्या दरम्यान राहू द्या. आणि टाकीतलं पाणी आटलं की भर घालायची ती गोड्या पाण्याची, कारण आटतं ते पाणी, क्षार मागेच राहतात. कारखान्यात रस आटताना आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला हे सांगणं आगाऊपणाचं आहे, पण सगळ्यात जास्त टाक्या याच चुकीने जातात म्हणून लिहिलं.

मीठ कशात विरघळवायचं? थेट पाईपलाईनचं असो की पंचगंगेचं, नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन असतं. ते हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) निघेल, पण बाकीचे क्षार राहतात. बोअरच्या पाण्यात तर उसाच्या पट्ट्यात नायट्रेट असण्याची शक्यता धरूनच चालावं, आणि नायट्रेट म्हणजे काचेवर शेवाळ. आरओचं पाणी घ्या. मात्र घरच्या प्युरिफायरवर 'कॉपर' असं लिहिलेलं असेल तर ते यंत्र या कामाचं नाही. माणसाला चालणारं थोडंसं तांबं कोळंबी-गोगलगायींना मारतं. तसंच तांब्या-पितळेची घागर, हंडा, कळशी या पाण्याला लावू नका. खाण्याच्या वापरातल्या नवीन प्लास्टिकच्या दोन बादल्या आणि ड्रम घ्या, त्यांवर मार्करने 'मासे' लिहा, म्हणजे कोणी त्यात साबण कालवणार नाही.

दगडाच्या बाबतीत आपल्याकडे लोकांना जांभ्याचा मोह पडतो. पन्हाळ्याकडे, राधानगरीकडे सहज मिळतो, भोकाभोकांचा असतो, चित्रातल्या समुद्री खडकासारखा दिसतो. पण त्यात लोह भरपूर असतं आणि तो माती सोडत राहतो. नको. टाकीसाठी बनवलेले सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे घ्या, पाच-सहा किलो पुरेत, वर पातळ थर पांढऱ्या अ‍ॅरॅगोनाइट वाळूचा. फिल्टर मागे टांगायचा चालेल, त्याच्या जोडीला एअर पंपावरचा स्पंज फिल्टर. दिवा साधा एलईडी. प्रवाळ ठेवायचेच नाहीत तर दिव्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

मग पाणी भरलं, मीठ विरघळलं, दगड मांडले, फिल्टर सुरू झाला. आता मासे आणायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया येतो, तो नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांत आणि स्पंजात वसायला चार ते सहा आठवडे लागतात. ते वसायच्या आधी मासा सोडणं म्हणजे त्याला त्याच्याच घाणीत भाजणं. तुम्ही रसायनाची माणसं, तुमच्यासाठी सोपी रीत अशी की जिवाणूंना अमोनिया आपणच द्यायचा. शुद्ध प्रतीचा नवसागर (अमोनियम क्लोराइड) घ्या, कल्हईवाल्याकडचा नव्हे, प्रयोगशाळेच्या दुकानातला. ७५ लिटरला अर्धा ग्रॅम टाकला की अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या) आसपास जातो. टेस्ट किटने एक दिवसाआड मोजा, वहीत मांडा. आधी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग नायट्राइटही उतरेल. नवसागर टाकल्यावर २४ तासांत दोन्ही शून्यावर यायला लागले की टाकी तयार. त्यानंतर निम्मं पाणी बदलून साठलेलं नायट्रेट कमी करा. ती वही नातीसाठी राखून ठेवा, टाकीपेक्षा मला तरी ती जास्त मोलाची वाटते.

गणपती बसायच्या सुमारास हे सुरू केलंत तर दसऱ्याला मासे आणता येतील आणि दिवाळीत नात येईपर्यंत ते रुळलेले असतील. हवामानाच्या दृष्टीनेही तो काळ बरा. त्या दिवसांत पाण्याचं तापमान फार हेलकावे खात नाही. २५ ते २८ अंश हवं. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूरची रात्र पंधराच्या खाली-वर येते, तेव्हा थर्मोस्टॅटचा १०० वॅटचा हीटर. एप्रिल-मेमध्ये उलटी तऱ्हा. टाकीवर एक छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका मारत ठेवा, दोन-तीन अंश उतरतात. मग पाणी रोज आटेल, रोज भर घाला. बर्फ टाकायच्या भानगडीत पडू नका.

वीज जाण्याचा विचार आधीच करा. कोमट खाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो, पंप बंद पडला की काही तासांत मासे वर येऊन धापा टाकतात. एअर पंपाला जेमतेम चार-पाच वॅट लागतात, तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. हीटर तिच्यावर नको. आणि जुलै-ऑगस्टमध्ये एक ड्रम आरओचं पाणी आणि एका महिन्याचं मीठ घरात ठेवाच. २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रं बुडाली आणि पुरापासून लांब राहणाऱ्यांच्याही नळाला दिवसेंदिवस पाणी नव्हतं, हे तुम्हाला आठवत असेल. अशा वेळी प्यायला पाणी नाही तिथे माशांना कोण देणार?

आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, म्हणजे एक छोटी बादली. नवं पाणी आदल्या दिवशी कालवून, हवा सोडून, तापमान जुळवून ठेवा. काढलेलं पाणी मोरीत ओता. तुळशीत किंवा कुंड्यांत ओतलंत तर झाडं जातील, आणि मग काकूंना टाकीचं पटवून देणं कठीण होईल.

आता त्यात ठेवायचं काय? क्लाउनफिश. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो मासा नातीला ओळखीचा असणार. कायद्याने त्याला आडकाठी नाही आणि मुख्य म्हणजे तो माणसाच्या हाताखाली पैदा होतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या प्रजननाचं तंत्र आपल्याकडे केव्हाच बसवलं आहे. नवी मुंबईत ऐरोलीलाही राज्याच्या मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनच्या पुढाकाराने त्याची हॅचरी उभी राहिली. दुकानदाराला विचारा, टाकीत वाढलेला आहे की समुद्रातला. नुसत्या उत्तरावर समाधान मानू नका, तुमच्यासमोर दाणे टाकायला सांगा. हॅचरीतला मासा दाण्यावर झडप घालतो. आकाराने थोडे लहान-मोठे असे दोन घ्या. सगळे क्लाउनफिश आधी नरच असतात. दोघांत जो मोठा आणि दांडगा तो मादी होतो. पुढे मादी मेली तर उरलेला नर मादी होतो. हे ऐकून नात समुद्रघोड्याला विसरणार नाही, पण दोन दिवस तुम्हाला प्रश्न विचारत राहील.

बापाचं कामही त्यांच्यात आहे. अंडी घातल्यावर आठवडाभर नर त्यांच्यापाशी ठाण मांडतो, तोंडाने साफ करतो, परांनी वारा घालतो, खराब झालेलं अंडं काढून टाकतो. पण त्यासाठी जोडी वर्ष-दोन वर्षं मुरावी लागते. या दिवाळीत ते दिसणार नाही, तसं तिला आधीच सांगा. अ‍ॅनिमोनी (समुद्रात क्लाउनफिश जिच्या आसऱ्याला राहतो तो फुलासारखा दिसणारा जीव) विकत घेऊ नका, घरच्या टाकीत क्लाउनफिशला ती लागत नाही आणि नव्या टाकीत ती मरून सगळं पाणी नासवते. दोन मासे, चार-पाच गोगलगायी आणि फार तर एखादी कोळंबी, यापुढे गर्दी नको. मोठे झालेले मासे दोन-तीन दिवस उपाशी राहिले तरी काही बिघडत नाही, म्हणजे तुम्ही पुण्याला जाऊ शकता. नीट ठेवले तर पंधरा वर्षंसुद्धा जगतात, हे मात्र घरात आधी बोलून घ्या.

आर्टेमिया नातीला उबवू द्या. रोजच्या रोज करायचं नसलं की तेच काम मजेचं होतं. कोल्ड्रिंकची एक लिटरची बाटली बूड कापून उलटी टांगायची, त्यात लिटरला २५-३० ग्रॅम मीठ, पाव चमचा अंडी, तळापर्यंत हवेची नळी, जवळ दिवा, पाणी २६ ते २८ अंश. २४ तासांनी हवा बंद करून तळाशी टॉर्च धरायचा. टरफलं वर तरंगतात, केशरी पिल्लं उजेडाकडे खाली गोळा होतात. ती नळीने ओढून घ्यायची, दाट कापडातून गाळून मासे असतील तिथे सोडायची. टरफलं टाकीत जाऊ देऊ नका.

खर्चाचा अंदाज काढल्यावर किंवा काकूंशी बोलल्यावर हे सगळं जड वाटलं, तर माळ्यावरची एक फुटी टाकी खाली काढा. तिच्यात गोड्या पाण्यात फायटर माशांची जोडी लावा. कोल्हापुरात कुठल्याही दुकानात मिळेल. मीठ नको, रिफ्रॅक्टोमीटर नको, क्लोरीन काढलेलं पाणी, २७-२८ अंश तापमान आणि वर झाकण एवढं पुरे. पाणी चार-पाच इंच ठेवा, थर्माकोलच्या कपाचा अर्धा भाग पाण्यावर पालथा चिकटवा. नर त्याच्याखाली तोंडाने बुडबुड्यांचं घर बांधतो. मादी आधी दोन दिवस काचेच्या ग्लासात, त्याला दिसेल अशी ठेवायची, मग सोडायची. पडणारी अंडी नर तोंडात झेलून बुडबुड्यांत नेऊन ठेवतो, दीड-दोन दिवस पहारा करतो, पिल्लं निघाल्यावर खाली पडेल ते उचलून परत वर लावतो. नर पिल्लं सांभाळताना बघायचा असेल तर एका दिवाळीच्या सुट्टीत हे आरामात बसतं. अंडी घालून झाली की मादीला ताबडतोब बाजूला काढा, नाहीतर तो तिला फाडून ठेवेल. आणि पिल्लं आडवी पोहायला लागली की त्यालाही काढा, कारण मग तो पिल्लांनाच खायला लागतो.